गोरेगावचे रहिवासी काय मागत आहेत?

मुंबईच्या पश्चिम उपनगरात गोरेगाव येथे मोतीलाल नगर क्रमांक १, २ व ३ या नावाने ओळखली जाणारी म्हाडाची वसाहत आहे. सुमारे १४३ एकर जागा, तीन हजार सातशेच्या आसपास गाळे आणि साठेक वर्षे तेथे नांदत आलेली कुटुंबे, असा हा संसार. या वसाहतीच्या पुनर्विकासासाठी बांधकाम व विकास संस्था नेमण्याची मुभा मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये म्हाडाला दिली. अदानी उद्योगसमूहातील कंपनीची निविदा सरस ठरली आणि जुलै २०२५ मध्ये करारावर सह्या झाल्या. खर्चाचा अंदाज ३६ हजार कोटी रुपयांचा सांगण्यात आला. पात्र कुटुंबाला १,६०० चौरस फूट बांधीव क्षेत्राचे घर विनामूल्य मिळेल, अशी ग्वाही सरकारने दिली. एवढे पदरात पडत असताना रहिवाशांचा एक मोठा गट निदर्शने करतो, न्यायालयाच्या पायऱ्या चढतो आणि स्वयंपुनर्विकासाची मागणी लावून धरतो, याचे शहरातील सुस्थित वर्गाला नवल वाटले. नवलामागोमाग उपदेश आला आणि उपदेशामागोमाग नेहमीचा शिक्का: हे लोक लोभी आहेत, अडवणूक करणारे आहेत, विकासाचे विरोधक आहेत.

या शिक्क्याचा समाचार घेणे अवघड नाही. अवघड आहे ते वेगळेच. रहिवाशांच्या बाजूने उभे राहणाऱ्या अनेकांनीही या लढ्याचा अर्थ ‘आणखी चौरस फूट’ एवढाच लावून घेतला आहे. सोळाशे नव्हे, त्याहून अधिक द्या. भाडे वाढवून द्या. कॉर्पस निधी दुप्पट करा. या मागण्या गैर आहेत असे कोणी म्हणणार नाही. जमिनीचा भाव आकाशाला भिडत असताना त्या जमिनीवर आयुष्य काढलेल्या माणसाने आपला वाटा मागू नये, असे सांगणारे बहुधा स्वतः त्या जमिनीवर नफा कमावू पाहणारेच असतात. परंतु रहिवाशांची मूळ तक्रार क्षेत्रफळाची नव्हतीच. त्यांची वसाहत कोणी, कशी आणि केव्हा पाडायची हे ठरवताना त्यांची संमती घेतली गेली नाही, ही ती तक्रार होती. शासनाने प्रकल्पाला ‘विशेष’ म्हटले आणि त्या एका विशेषणाखाली हजारो कुटुंबांचे मत अनावश्यक ठरले. न्यायालयाचा कौल प्रकल्पाच्या बाजूने लागला, ही वस्तुस्थिती आहे. पण एखादी गोष्ट कायद्याच्या कसोटीला उतरली म्हणजे ती लोकशाहीच्या कसोटीलाही उतरली, असे होत नाही. समाजवादी चळवळीने हा भेद तरी विसरता कामा नये.

गोरेगावसारख्या उपनगराला तर या भेदाची जुनी ओळख आहे. १९५७ साली महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, तेव्हा गोरेगाव बृहन्मुंबईत आले. हद्द आली, कर आले. पाणी मात्र आले नाही. लोकवस्ती वाढत होती, नळ कोरडे होते आणि झोपडपट्टीतील माणूस तर अनधिकृत म्हणून हिशेबातच धरला जात नव्हता. वैद्यकीय शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात आलेल्या मृणाल गोरे आणि त्यांचे पती केशव ऊर्फ बंडू गोरे यांनी आपले कार्यक्षेत्र म्हणून हेच उपनगर निवडले होते. १९५८ साली केशव गोरे यांचे अकाली निधन झाले. १९६१ साली मृणालताई महापालिकेवर निवडून गेल्या आणि पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी जे रान उठवले त्यातून ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनीच दिले.

त्या लढ्याचे स्मरण पक्षाच्या व्यासपीठांवरून पुष्कळदा होते, आणि पुष्कळदा ते चुकीच्या अंगाने होते. हंडा-मोर्चाचे छायाचित्र दाखवले जाते, घोषणा आठवल्या जातात, आणि तेजस्वी नेतृत्वाने झोपलेल्या पालिकेला जागे केले, असा कथेचा शेवट होतो. वस्तुतः त्या चळवळीचे खरे बळ मोर्चाच्या आधीच्या महिन्यांत होते. कोणत्या गल्लीत नळ किती वाजता येतो, किती वेळ टिकतो, कोणाला पहाटे उठून कोठवर जावे लागते, याची माहिती बायका एकमेकींकडून गोळा करीत. या गोळा करण्यातूनच वस्तीची वस्तीशी ओळख झाली. चाळीतील मराठी शिक्षकाची बायको आणि झोपडीतील कामगाराची बायको एकाच रांगेत उभ्या राहिल्या. पाणी हे निमित्त होते असे म्हणणे त्यांच्या तहानेचा अपमान होईल. पण पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट त्या उपनगराला मिळाली, ती म्हणजे आपल्या वस्तीचा कारभार हा आपला विषय आहे ही जाणीव. १९७२ साली महागाईविरुद्ध निघालेल्या लाटणे मोर्चांत मुंबईच्या उपनगरांतून ज्या हजारो स्त्रिया उतरल्या, त्या काही एका रात्रीत तयार झाल्या नव्हत्या.

आज त्याच उपनगरात नळाला पाणी आहे, निदान इमारतींच्या नळाला आहे. झोपडपट्टीतील अनेकांना ते मिळवण्यासाठी पाणी हक्क समितीला न्यायालयात जावे लागले आणि डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की, घर अनधिकृत असले तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही. म्हणजे १९६० च्या दशकात रस्त्यावर मांडलेले म्हणणे कायद्याच्या भाषेत उमटायला अर्धशतक लागले. मधल्या काळात काय झाले? उपनगर वाढले, पण उपनगराचे मत घेण्याची पद्धत वाढली नाही. उलट ती आखडत गेली.

या आखडण्याचा इतिहास विकास नियंत्रण नियमावलीत सापडतो, आणि तो कार्यकर्त्यांनी कंटाळा न करता वाचण्यासारखा आहे. १९९१ च्या नियमावलीने उपनगरात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १ ठेवला. ऐकायला हे संयमी वाटते. पण त्याच नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे टीडीआरची, सोय केली. आरक्षणाखाली जमीन देणाऱ्याला रोख मोबदल्याऐवजी बांधकामाचा हक्क द्यायचा आणि तो हक्क त्याने दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा. हा हक्क मुंबई बेटावर वापरण्यास मनाई होती. तो उतरवायचा उपनगरात. दक्षिणेच्या जागेचा मोबदला उत्तरेच्या आकाशात अदा होऊ लागला. रस्ते तेवढेच, गटारे तेवढीच, शाळा आणि दवाखाने तेवढेच. मजले मात्र चढत गेले. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने हेच तत्त्व गरिबाच्या घरालाही लावले: गरिबाला फुकट घर, बांधणाऱ्याला त्याबदली विक्रीचे क्षेत्र. सरकारने तिजोरीतून पैसा काढायचा नाही. घरांचा प्रश्न बाजारानेच सोडवायचा. तेव्हापासून उपनगरातल्या रहिवाशाची ओळख बदलली. तो नागरिक राहिला नाही, तो ‘पात्र लाभार्थी’ झाला. मतदार यादीत त्याला एक मत आहे. पुनर्विकासाच्या यादीत त्याला एक क्रमांक आहे.

याच काळात दुसरेही एक दार बंद झाले. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत कमाल मर्यादा ५०० चौरस मीटर ठरवली होती. त्यावरील मोकळी जमीन सरकारने घेऊन गरिबांच्या घरांसाठी वापरावी, हा हेतू. सरकारांनी तो हेतू पाळण्यापेक्षा सवलतींची कलमे वापरण्यातच अधिक उत्साह दाखवला. त्याविरुद्ध मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद उभी केली, न्यायालयीन लढाई दिली आणि गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या टेकडीवर सहा हजारांहून अधिक घरांची वसाहत उभी राहिली. कमी उत्पन्नाच्या माणसांना सहकारी पद्धतीने, बिल्डरच्या नफ्याखेरीज घर मिळू शकते, याचा हा विटा-सिमेंटचा पुरावा. तो पुरावा डोळ्यांसमोर उभा असताना महाराष्ट्र विधिमंडळाने २००७ च्या नोव्हेंबरात कायदा रद्द करण्याला संमती दिली. त्या वेळी सांगितले गेले की जमिनीचा पुरवठा वाढेल आणि घरे स्वस्त होतील. गोरेगावात त्यानंतर घरे किती स्वस्त झाली, हे कोणत्याही भाडेकरूला विचारावे.

मोतीलाल नगरचे लोक स्वयंपुनर्विकासाची भाषा बोलतात तेव्हा त्यांच्या मनात ही परंपरा स्पष्टपणे असेलच असे नाही. पण त्यांची मागणी त्या परंपरेत बसणारी आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांना स्वतःच पुनर्विकास करता यावा म्हणून राज्य शासनाने २०१९ मध्ये सवलतींचा निर्णय काढला. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने कर्जाची योजना आखली. म्हणजे कल्पना अव्यवहार्य आहे असे खुद्द सरकारचेही म्हणणे नाही. मग जी गोष्ट एका इमारतीला योग्य, ती १४३ एकरांना अयोग्य का? एवढा मोठा प्रकल्प रहिवाशांना झेपणार नाही, असे उत्तर मिळते. हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही. इतक्या मोठ्या वसाहतीचे रस्ते, मलनिस्सारण, वीज, संक्रमणकाळातील निवास यांचे नियोजन एका गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीने सायंकाळच्या बैठकीत करण्याजोगे नाही. पण हे काम करण्यासाठीच तर म्हाडा नावाची सार्वजनिक संस्था कायद्याने निर्माण झाली. गृहनिर्माण मंडळाने एके काळी ही वसाहत कोणा उद्योगपतीच्या कृपेखेरीज बांधली होती. आज तेच मंडळ आपल्याच जमिनीवर केवळ वाटेकरी म्हणून उभे राहते, सुमारे ३ लाख ९७ हजार चौरस मीटर बांधीव क्षेत्र आपल्या वाट्याला येणार याबद्दल समाधान व्यक्त करते, आणि उरलेल्या विक्रीयोग्य क्षेत्राचा बाजार विकासकाच्या हाती सोपवते. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी राखलेली सार्वजनिक जमीन खुल्या बाजारातील महागड्या सदनिकांचा पाया होते, या गोष्टीची चर्चा क्षेत्रफळाच्या गलक्यात बुडून गेली आहे.

रहिवाशांच्या अविश्वासाला आणखी एक कारण आहे आणि ते फार दूर नाही. गोरेगाव पश्चिमेलाच सिद्धार्थ नगर, म्हणजे पत्राचाळ, आहे. ६७२ भाडेकरूंच्या या वसाहतीसाठी २००८ साली रहिवाशांची संस्था, म्हाडा आणि एक खाजगी विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. घरे रिकामी झाली, चाळ पाडली गेली. पुनर्वसनाच्या इमारती पुऱ्या होण्याआधीच विकासकाने विक्रीच्या क्षेत्राचे हक्क इतरांना विकल्याचा आरोप झाला. पुढे भाडे बंद पडले. २०१८ साली म्हाडाने करार संपुष्टात आणला. फौजदारी गुन्हे आणि सक्तवसुली संचालनालयाच्या चौकश्या झाल्या. रखडलेले काम शासनाने हाती घेऊन २०२२ मध्ये पुन्हा सुरू केले. या काळात भाडेकरू कोठे होते? कोणी नालासोपाऱ्याला, कोणी विरारला, कोणी गावी, कोणी मुलीच्या सासरी. कित्येकांनी आपल्या घराची किल्ली पाहण्याआधीच डोळे मिटले. वृत्तपत्रांत या प्रकरणाची चर्चा झाली ती कोणता राजकीय नेता अडकला याची. ६७२ कुटुंबांची वस्ती मोडली ही बातमी कधी मुख्य मथळा झालीच नाही. ‘तीन वर्षांत परत येऊ’ असे म्हणून निघालेले शेजारी पुन्हा शेजारी होणार की नाही, याची नोंद कोणत्याही आरोपपत्रात नसते.

आणि वस्ती मोडते म्हणजे नेमके काय मोडते, हे सांगायला हवे. कारण ‘सामाजिक जीवन’ असा शब्द वापरला की विकासाचे कैवारी त्याला भावुकता म्हणतात. बैठ्या घरांच्या वसाहतीत घर चार भिंतींपाशी संपत नाही. ओट्यावर शिलाईचे यंत्र असते, पुढच्या खोलीत शिकवणी चालते, मागच्या दाराने पोळी-भाजीचे डबे जातात. नोकरीला जाणारी आई मूल शेजारणीकडे ठेवते आणि त्यासाठी पाळणाघराची फी लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला दिवसभरात चार माणसे हाक मारून जातात. हे सगळे अर्थशास्त्राच्या भाषेत उत्पन्न आहे, बचत आहे. मात्र मूल्यांकनाच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. चाळिसाव्या मजल्यावर ते उचलून ठेवता येत नाही. तेथे उद्वाहन आहे, पंप आहे, सुरक्षारक्षक आहे आणि त्या सर्वांचा दरमहा देखभाल खर्च आहे. घर फुकट मिळालेल्या निवृत्त कामगाराला तो खर्च पेलला नाही, की दोन-चार वर्षांत घर भाड्याने जाते, मग विकले जाते. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत हे मुंबईने पाहिले आहे. कोणी हाकलत नाही; माणूस आपल्या पायांनीच निघून जातो. म्हणून देखभालीचा निधी किती वर्षे पुरेल हा प्रश्न घर किती मोठे या प्रश्नाइतकाच, कदाचित त्याहूनही, महत्त्वाचा आहे.

गोरेगावच्या पूर्वेस आरे आहे. तेथे पाडे आहेत, वारली आणि इतर आदिवासी आहेत, १९४९ पासूनची दुग्धवसाहत आहे. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायला यंत्रे लागली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. त्या रात्री रस्त्यावर उतरलेल्या तरुणांचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मेट्रोही आता धावते आहे आणि तिच्यातून प्रवास करणारे श्रमजीवीच अधिक आहेत, हेही खरे आहे. आरेच्या लढ्यात झाडांना जितके वकील मिळाले तितके पाड्यांना मिळाले नाहीत, ही गोष्ट मात्र पर्यावरणवादी मित्रांनी आणि समाजवाद्यांनीही मनाला लावून घेण्यासारखी आहे. आदिवासीचे घर झोपडी म्हणून मोजले जाते आणि त्याला पुनर्वसनाच्या इमारतीतील खोली देऊ केली जाते, तेव्हा त्याची वाडी, त्याची भाजी, त्याची झाडे यांना शून्य किंमत येते. मोतीलाल नगरच्या ओट्याला जे गणित लावले जाते तेच येथे अधिक निर्दयपणे लावले जाते.

याच ठिकाणी रहिवाशांनाही काही कटू बोलणे भाग आहे. उपनगरातील मध्यमवर्गीय चळवळींना स्वतःची वस्ती प्रिय असते. शेजारची झोपडपट्टी मात्र त्यांना ‘अतिक्रमण’ वाटते. आपल्या पुनर्विकासात संमती हवी आणि पलीकडच्या झोपड्यांवर बुलडोझर हवा, अशी दुटप्पी मागणी अनेक ठिकाणच्या सभांतून ऐकू येते. घरमालक सदस्य आणि पोटभाडेकरू यांच्यात तर बोलणेच होत नाही. पुनर्विकासात भाडेकरूला जागा नाही, भाडे नाही, निरोपसुद्धा नाही. वीस वर्षे त्याच गल्लीत राहिलेला रिक्षाचालक महिन्याच्या नोटिशीवर निघून जातो आणि वस्ती वाचवा म्हणणाऱ्यांच्या ते लक्षातही येत नाही. ज्या चळवळीने चाळ आणि झोपडी एका रांगेत उभी केली तिचे नाव घेऊन असे वागता येणार नाही. रहिवाशांची एकजूट विकासक फोडतो हे खरे; पण ती फोडणे त्याला सोपे जाते कारण ती आधीच पात्र आणि अपात्र अशी चिरलेली असते.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी येथे काय करायचे? निवेदन देणे आणि निवेदनाचे छायाचित्र काढणे यात फारसे तथ्य उरलेले नाही. पुनर्विकासाची लढाई आज संस्थेच्या सर्वसाधारण सभेत होते. सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाखालील निर्देशांत पूर्वी तीन चतुर्थांश सदस्यांची संमती अपेक्षित होती. २०१९ साली ती ५१ टक्क्यांवर आणली गेली. इमारतीमागे दहा-बारा कुटुंबांचे मन वळले की उरलेल्यांच्या विरोधाला अर्थ उरत नाही. अशा सभेत करारनामा इंग्रजीत वाचला जातो, किंवा वाचला असे इतिवृत्तात लिहिले जाते. तो मराठीत, आठ दिवस आधी, प्रत्येक घरात पोचलाच पाहिजे, हा आग्रह क्षुल्लक वाटेल. पण पत्राचाळीच्या करारातील कलमे २००८ साली ६७२ घरांत समजून वाचली गेली असती तर पुढच्या गोष्टी इतक्या सुखाने घडल्या नसत्या. संक्रमणकाळात राहण्याची सोय त्याच प्रभागात व्हावी, म्हणजे मुलांची शाळा सुटणार नाही. जुन्या गल्लीतील कुटुंबे नव्या इमारतीत शेजारी शेजारी राहावीत. घरगुती उद्योगासाठी तळमजल्यावर सामाईक जागा असावी. देखभाल निधी रहिवाशांच्या संस्थेच्या नावे आधी जमा व्हावा आणि मगच भिंतीला हात लागावा. या मागण्यांवर शाखांनी गल्लीगल्लीत बसून चर्चा केली पाहिजे, आणि त्या चर्चेला बायका आल्या पाहिजेत; घराचा करार पुरुष करतात, घराचा दिवस मात्र बहुतेक ठिकाणी बायकाच काढतात.

मोतीलाल नगरच्या कामाला सात वर्षांची मुदत सांगितली गेली आहे. न्यायालयात काय होते ते होईल. वसाहतीत मात्र आज, घरे उभी असतानाच, घरोघर जाण्याचे काम आहे. १९६० च्या दशकात नळाच्या वेळा लिहिल्या गेल्या तशा आता याद्या लिहाव्या लागतील: कोणाच्या नावे कागद आहे, कोणाच्या नावे नाही, कोण पोटभाड्याने राहतो, कोणाचा धंदा ओट्यावर चालतो, कोण एकटा म्हातारा आहे. म्हाडाची यादी पात्रांची असेल. पक्षाच्या शाखांनी पहिली यादी करायची आहे ती उरलेल्यांची.